हायपो मारलं की आठ दिवस बरं, मग पुन्हा तेच

सोमवारी काढलेली डिपस्लाइड, म्हणजे पाण्यातले जंतू मोजायची पट्टी, स्वच्छ. पुढच्या सोमवारी पाच-सहा लाल ठिपके. त्याच्या पुढच्या सोमवारी ठिपके मोजायची सोयच नाही, अख्खी पट्टी गोवर उठल्यासारखी. मग केमिकलवाल्याला फोन, कूलिंग टॉवरमध्ये दोन कॅन हायपो (क्लोरिनचं द्रावण, सोडियम हायपोक्लोराइट), दिवसभर गच्चीवर क्लोरिनचा उग्र वास, पुन्हा स्वच्छ पट्टी आणि पंधरवड्याने पुन्हा गोवर. गोव्यात वेर्ण्याच्या पठारावरच्या एका कारखान्यात युटिलिटी सांभाळताना मी हा खेळ सलग दोन पावसाळे खेळलो. लॉगबुकात दर वेळी एकच शेरा: "शॉक डोस दिला, काउंट नॉर्मल." तो वाचून साहेब खूश, ऑडिटर खूश, आणि टॉवरातले जंतू सगळ्यांत जास्त खूश.

गेल्या महिन्यात कुंडईहून एका मित्राचा फोन आला. तेच गाऱ्हाणं. त्याला तुकड्यातुकड्यांनी जे सांगितलं ते इथे एकत्र लिहून ठेवतो.

आमची सिस्टम अशी: ४०० टनांचा वॉटर-कूल्ड चिलर (गारवा करणारं यंत्र), जोडीला एक स्टँडबाय, त्यांची उष्णता हवेत सोडणारा दोन सेलचा, म्हणजे दोन कप्प्यांचा, टॉवर. ताशी ३०० घनमीटर पाणी फिरतं, आणि बेसिन (टॉवरखालची टाकी), पाइप, कंडेन्सर (चिलरची उष्णता पाण्याला देणारा भाग) मिळून सिस्टमच्या पोटात साधारण ४० घनमीटर पाणी. हे आकडे पुढे लागतील, आणि तुमचेही तुम्हाला ठाऊक हवेत. सिस्टममध्ये एकूण पाणी किती हे माहीत नसताना डोस ठरवणं म्हणजे माणसं न मोजता भात शिजवणं.

आधी एक घोळ मिटवू. डिपस्लाइडवर जे ठिपके दिसतात ते पाण्यातले सर्वसाधारण जिवाणू. लिजिओनेला, म्हणजे न्यूमोनिया करणारा जिवाणू, त्या पट्टीवर उगवतच नाही, त्याला वेगळं माध्यम लागतं. म्हणून पट्टी स्वच्छ आली याचा अर्थ लिजिओनेला नाही असा होत नाही. पण पट्टी वारंवार लाल येत असेल तर त्याच्यासाठी घर, अन्न आणि सोबत तयार आहे एवढं नक्की. ढोबळ हिशेब, जो ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांत आहे आणि जवळपास सगळे वापरतात, तो असा: एका मिलिलिटरमध्ये १०,००० पर्यंत ठीक, १०,००० ते १,००,००० मध्ये कारण शोधायचं, त्याच्या वर गेलं तर लगेच हात घालायचा. आमची पट्टी दर तिसऱ्या आठवड्याला लाखाच्या वर.

लिजिओनेलाची भीती कशासाठी, असं नवीन मुलं विचारतात. १९७६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात माजी सैनिकांच्या संघटनेचं अधिवेशन भरलं, आणि परत गेलेली माणसं न्यूमोनियाने पटापट आजारी पडली. त्या संघटनेच्या, अमेरिकन लिजनच्या, नावावरून रोगाला नाव पडलं, आणि जिवाणू हाती लागायला जानेवारी १९७७ उजाडला. हा रोग पाणी प्यायल्याने सहसा होत नाही आणि माणसाकडून माणसाकडे जात नाही. श्वासातून आत जाणाऱ्या सूक्ष्म तुषारांतून तो होतो, आणि टॉवर म्हणजे तुषार उडवायचं यंत्रच. २०१५ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या साउथ ब्राँक्समध्ये एका टॉवरमुळे १३८ जण आजारी पडले, १६ गेले. ते लोक त्या इमारतीत राहत नव्हते, बरेचसे नुसते आसपासचे रहिवासी.

या जिवाणूला २० ते ४५ अंश सेल्सिअस मानवतं, त्यातही ३५ च्या आसपास उत्तम. आता गोव्याचं बघा. पावसाळ्यात हवेतली आर्द्रता नव्वदीत, त्यामुळे टॉवर कितीही चांगला असला तरी पाणी २९-३० च्या खाली उतरत नाही, आणि कंडेन्सरमधून परत येताना ते ३४-३५ असतं. थंड देशांत टॉवरला हिवाळ्याची विश्रांती तरी मिळते. आपल्याकडे त्या जंतूंची बारा महिने चवथ, गणपतीचा सण.

आणखी एक इथलाच मुद्दा, ज्याने मला बराच काळ फसवलं. आपल्याकडे नळाला साळावलीचं येवो की ओपाचं, पाण्यात कठीणपणा कमी. घाटावरच्या कारखान्यांत फिलवर, म्हणजे टॉवरात पाणी ज्यावरून पसरत खाली येतं त्या थरांवर, पांढरा क्षार चढतो, डोळ्यांना दिसतो, माणूस घाबरून लक्ष देतो. इथे क्षार चढत नाही, म्हणून टॉवर छान चाललाय असं वाटतं. मऊ पाण्याच्या टॉवरात जे होतं ते आतून: बुळबुळीत थर, गंज, आणि जांभ्या मातीचा तांबडा गाळ. क्षारापेक्षा हा बुळबुळीत थर उष्णता जास्त अडवतो, साधारण चौपट. म्हणून काउंट वाढायच्या आधी बहुतेकदा आतला गॅस आणि बाहेर पडणारं पाणी यांच्या तापमानातला फरक, म्हणजे कंडेन्सरचा अ‍ॅप्रोच वाढतो. व्यवस्थापनाला जिवाणूंचं सांगून उपयोग होत नसेल तर विजेच्या बिलाचं सांगा, पटकन ऐकतात.

तर, निवारण. पहिला प्रश्न हा की जे क्लोरिन आपण घातलं असं म्हणतो ते खरंच पाण्यात पोचतं का?

आमचा निळा ड्रम टॉवरशेजारी उघड्यावर, दुपारच्या उन्हात. हायपो विकत घेताना १० ते १२ टक्क्यांचं असतं, पण ऊन आणि उष्णता दोन्ही त्याचे वैरी. क्यूसीच्या लॅबमधल्या ताईंना विनंती करून ड्रममधल्या हायपोचं टायट्रेशन, म्हणजे ताकदीची तपासणी, करून घेतलं. दहा मिनिटांचं काम. चार टक्केसुद्धा भरलं नाही. म्हणजे दोन कॅन ओतले असं आम्ही लिहीत होतो तेव्हा प्रत्यक्षात एक कॅनसुद्धा जात नव्हता. तेव्हापासून ड्रम छपराखाली, एका वेळी पंधरा दिवसांपुरताच माल, आणि ड्रमवर आल्याची तारीख खडूने नाही, पेंटने.

मग पीएच. टॉवरमध्ये पाणी हवेशी घुसळलं जातं, कार्बन डायऑक्साइड उडून जातो, क्षारता साठत जाते, आणि नळाचं ७.२ चं पाणी आठवड्याभरात ८.५ ला पोचतं. क्लोरिनचं जे रूप जंतू मारतं ते हायपोक्लोरस आम्ल. ते ७.५ पीएचला निम्मं असतं, ८.५ ला जेमतेम दहावा हिस्सा, ९ ला नावापुरतं. क्लोरिन तपासायच्या किटवर मात्र हे आणि बाकीचं कमजोर रूप मिळून एकच आकडा दिसतो. आमचं एफआरसी (पाण्यात उरलेलं मोकळं क्लोरिन) रोज ०.६-०.७ पीपीएम, लॉगशीट सुंदर, आणि पाण्यात काम करणारं क्लोरिन त्यातलं दीड आणाभर. यावर उपाय दोनच. पीएच खाली ठेवा, किंवा ब्रोमिनकडे वळा. सोडियम ब्रोमाइड हायपोबरोबर दिलं की तयार होणारं हायपोब्रोमस आम्ल ८.५ लाही निम्म्याहून जास्त शाबूत असतं. आम्ही ब्रोमाइडकडे गेलो. आम्लाचं डोझिंग मला त्या गच्चीवर नको होतं. आम्ल आणि हायपो शेजारी ठेवले की कधी ना कधी कुणीतरी एकाचा मग दुसऱ्यात बुडवतो, आणि मग क्लोरिन वायूने धावपळ. ज्यांच्याकडे आम्ल आहे त्यांनी मग, फनेल, डाइक (सांडलेलं अडवणारा कट्टा), सगळं वेगळं ठेवावं, रंगसुद्धा वेगळे.

किटचा एक चकवा सांगायलाच हवा. डीपीडीची गोळी टाकली की क्लोरिन असेल तर गुलाबी रंग येतो. पण क्लोरिन फारच जास्त असेल तर तो रंग आल्या आल्या उडतो आणि नमुना पाण्यासारखा पांढरा दिसतो. शॉक डोसच्या दिवशी आमच्या रात्रपाळीच्या पोराने तसा पांढरा नमुना बघितला, शून्य लिहिलं, आणि आणखी एक कॅन ओतला. सकाळी गॅल्व्हनाइज्ड शिडीला पांढरी पावडर सुटली होती. शॉकच्या दिवशी नमुना आधी शुद्ध पाण्याने दहापट पातळ करा, मग तपासा, मग दहाने गुणा.

नमुना कुठून घेता हेही बघा. आमचा नळ डोझिंगच्या पाइपाखाली हातभर अंतरावर होता. तिथे क्लोरिन नेहमीच भरपूर. आता आम्ही कंडेन्सरहून परत येणाऱ्या लाइनवर घेतो. फिरून, भेटून, सगळ्यांना देऊन जे उरतं तेच खरं.

आणि डोझिंग पंप. हायपोतून वायूचे बुडबुडे सुटतात, पंपाच्या डोक्यात अडकतात, पंप टकटक करत राहतो आणि थेंबही पुढे जात नाही. दिवा हिरवा, आवाज चालू, स्ट्रोक फिरतोय. यावर महागडा उपाय आहे आणि फुकटचाही आहे. फुकटचा असा: डे-टँकवर (पंप ज्यातून हायपो ओढतो त्या छोट्या टाकीवर) कागदी पट्टी चिकटवायची आणि दर पाळीला पातळीची रेघ मारायची. दोन पाळ्या रेघ हलली नाही की पंपाला एअर लॉक. आमच्याकडे एकदा रविवारी सकाळी दोन रेघा एकमेकींवर सापडल्या, तेव्हा कळलं की शनिवार रात्रीपासून टॉवर उपाशी.

हे सगळं दुरुस्त करायला सहा आठवडे गेले. फरक पडला. काउंट जो पंधरा दिवसांनी उसळायचा तो वीस-बावीस दिवसांनी उसळू लागला. बस्स, एवढाच.

इथे बहुतेक जण डोस वाढवतात. आम्हीही वाढवणार होतो. त्या आठवड्यात सत्तरी तालुक्यातला आमचा एक तरुण ऑपरेटर, तसा मितभाषी, चहा पिता पिता म्हणाला, "सर, दोन नंबरात बेबो आसा." दोन नंबरच्या सेलच्या बेसिनमध्ये बेडूक आहे. मी हसलो, पावसाळा आहे, बेडूक असणारच. दुपारी गच्चीवर गेलो तेव्हा ते वाक्य डोक्यात शिरलं. क्लोरिन असलेल्या पाण्यात बेडूक टिकत नाही. हा तर हवा आत घेणाऱ्या लूव्हरखालच्या कोपऱ्यात ऐटीत बसला होता, डोळे मिटून, आणि त्याच्याभोवती पाण्यावर साय धरल्यासारखा हिरवट पापुद्रा.

झालं होतं ते असं. पावसाळ्यात लोड कमी, म्हणून आम्ही दुसऱ्या सेलचा वरचा वॉल्व्ह बंद ठेवायचो. पंप एका सेलवर निवांत चालायचे, पंख्याची वीज वाचायची. पण दोन्ही बेसिन खालून सहा इंची इक्वलायझिंग लाइनने जोडलेली. त्या लाइनीतून दोन नंबरचं बेसिन भरलेलंच राहायचं, दहा घनमीटर, हलत नव्हतं, डोस पोचत नव्हता. एक नंबरमध्ये क्लोरिन ०.६, दोन नंबरमध्ये शून्य. मेकअपचा, म्हणजे ताजं पाणी भरणारा, फ्लोट वर-खाली झाला की थोडंसं पाणी या बाजूला यायचं. म्हणजे एका हाताने आम्ही जंतू मारत होतो आणि दुसऱ्या हाताने रोज विरजण घालत होतो.

बेडकाला बादलीत घालून कुंपणापलीकडे सोडला. गोव्यात बेडूक धरायला बंदी आहे, वर आमच्यावर त्याचे उपकार.

मग त्या एका धड्यावरून शोध सुरू झाला: आपल्या सिस्टममध्ये पाणी आहे पण हालचाल नाही अशी जागा कुठे कुठे? ड्रॉइंग घेऊन बसू नका, ड्रॉइंगमध्ये ती जागा नसते. पाइपाला हात लावत चाला. पाणी फिरतं तो पाइप कोमट लागतो, ज्यात पाणी थांबलं आहे तो हवेइतकाच. आम्हाला स्टँडबाय पंप सापडला, जो तीन महिने सुरू केला नव्हता. स्टँडबाय चिलरचा कंडेन्सर सापडला, दोन्ही बाजूंचे वॉल्व्ह बंद, आत दोन घनमीटर पाणी शिजतंय. त्याचा ड्रेन उघडला तर आधी काळं पाणी आलं, मग सडक्या अंड्याचा वास. तो वास म्हणजे गाळाखाली हवेवाचून जगणारे, सल्फेट खाणारे जिवाणू, आणि ते नळ्यांना भोकं पाडतात. काढून टाकलेल्या एका जुन्या मशिनची दीड मीटर लाइन होती, टोकाला ब्लँक मारून सोडलेली. ती मुळापासून कापली. बेसिनच्या तळाचा ड्रेन वॉल्व्ह गाळाने इतका बुजला होता की पूर्ण उघडूनही करंगळीएवढी धार.

आता नियम साधा आहे: पाणी असेल तर ते फिरलं पाहिजे, फिरत नसेल तर रिकामं आणि कोरडं पाहिजे. स्टँडबाय पंप दर आठवड्याला अदलाबदल. दोन्ही सेलवर पाणी कायम, लोड कमी असला तर पंखा बंद, वॉल्व्ह नाही. सेल बंद ठेवायचीच असेल तर बेसिन उपसून, इक्वलायझिंग वॉल्व्ह मारून.

आता थराबद्दल, कारण बेडूक गेल्यावरही तो राहतो. बंद पंख्याच्या वेळी, सुरक्षेची सगळी तयारी करून, फिलच्या खालच्या कडेवर हातमोजा घातलेलं बोट फिरवा. खडबडीत लागलं तर बरं. पावसाळ्यात जुन्या विहिरीच्या पायरीवर पाय सरकतो तसं सरकलं, तर तुमचा काउंट तिथे राहतो. सिस्टममधले बहुतांश जिवाणू पाण्यात पोहत नसतात, भिंतीला चिकटून स्वतःच केलेल्या चिकट घरात असतात. क्लोरिन त्या घराचा वरचा पापुद्रा जाळतं आणि तिथेच संपतं. आत लिजिओनेला आणखी एका खोलीत असतो, तो अमीबाच्या पोटात शिरून वाढतो. वरून क्लोरिन गेलं तरी अमीबाचं कवच त्याला पुरतं. पाण्याची पट्टी तीन दिवसांत स्वच्छ होते आणि पंधरा दिवसांनी पुन्हा भरते ती या घरातून बाहेर पडणाऱ्या पिलावळीने.

म्हणून आधी बायोडिस्पर्संट, मग बायोसाइड (जंतुनाशक). डिस्पर्संट थर सुटा करतं. ते दिल्यावर पाणी गढूळ होतं, फेस येतो, काउंट आधी वाढतो. घाबरून थांबू नका, तो वाढलेला काउंट म्हणजे घरातून बाहेर काढलेले. क्लोरिनची भूकही त्या दिवशी दुप्पट होते. बाजूला साइड-स्ट्रीम फिल्टर असेल तर त्याचा बॅकवॉश वाढवा, नाहीतर सुटलेला थर जाऊन कंडेन्सरच्या नळीत बसेल. महिन्यातून दोनदा आम्ही ऑक्सिडाइझ न करणारं बायोसाइडही देतो, दोन वेगळ्या जातींचं आलटून पालटून.

या ऑक्सिडाइझ न करणाऱ्या बायोसाइडमध्ये बरेच पैसे गटारात जातात, शब्दशः. आयसोथायाझोलिनोनसारखं औषध हळू काम करतं, त्याला पाण्यात बरेच तास राहावं लागतं. हिशेब करा. बाष्पीभवन म्हणजे ०.००१५३ गुणिले ताशी फिरणारं पाणी गुणिले तापमानातला फरक. आमचं ३०० घनमीटर आणि ५ अंश, म्हणजे ताशी २.३ घनमीटर. सीओसी (पाण्यातले क्षार किती पट साठू द्यायचे ते) ५ धरली तर ब्लोडाऊन, म्हणजे मुद्दाम सोडून द्यायचं पाणी, २.३ भागिले ४, सुमारे ०.५७. अशा ४० घनमीटरच्या सिस्टममध्ये घातलेलं औषध निम्मं व्हायला दोन दिवस लागतात. उत्तम. पण ब्लोडाऊनच्या सोलेनॉइड वॉल्व्हमध्ये खडा अडकून तो ताशी ४ घनमीटर सोडत असेल, तर सात तासांतच निम्मं. आमचा खडा नव्हता, आमचा फ्लोट होता. फ्लोट इतका वर लावलेला की पंप ट्रिप झाला की फिल आणि वरच्या लाइनीतलं पाणी खाली उतरून बेसिन ओव्हरफ्लो. पावसाळ्यात वीज दिवसातून किती वेळा डोळे मिचकावते ते तुम्हाला सांगायला नको. दर मिचकावणीला दोन-तीन घनमीटर औषधी पाणी बाहेर, आणि भरपाईला ताजं. फ्लोट वीतभर खाली घेतला, खर्च शून्य. शिवाय डोस दिल्यावर काही तास ब्लोडाऊन बंद ठेवायचं, कंट्रोलरला तशी सेटिंग असते.

खाद्याचं थोडक्यात. जिवाणूला घर मिळालं तरी खायला लागतं. रस्त्याची तांबडी धूळ, पावसाच्या पहिल्या आठवड्यात दिव्याभोवती मरून पडणारे पंखवाले किडे, शेजारच्या झाडाची पानं. पण क्लोरिन अचानक जास्त लागायला लागलं, कालपर्यंत पुरणारा डोस आज पुरत नाही, तर उष्णता-विनिमयाच्या कुठल्या तरी उपकरणात गळती आहे का ते बघा. ग्लायकॉल, सॉल्व्हंट, तेल, थोडंसंही टॉवरच्या पाण्यात आलं की जिवाणूंचं लग्नघर. पाण्याचा सीओडी (सेंद्रिय घाणीचं माप) काढला की दोन-तीन तासांत अंदाज येतो. एरवी सीओडी कुणी टॉवरच्या पाण्याचा काढत नाही, ईटीपीचाच, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण केंद्राचाच, काढतात.

आता साफसफाई. वर्षातून दोनदा तरी, आम्ही पावसाआधी आणि चवथीनंतर करतो. सफाईतच सगळ्यांत मोठा धोका आहे, हे लिहिल्यावाचून राहवत नाही. २००३-०४ च्या हिवाळ्यात उत्तर फ्रान्सच्या पा-द-काले भागात एका पेट्रोकेमिकल कारखान्याच्या टॉवरमुळे ८६ जण आजारी पडले, १८ दगावले. साथ ओसरत होती, तेव्हा टॉवर जोरदार प्रेशर जेटने धुतले, आणि दुसरी लाट आली. जेटने जंतू मेले नाहीत, तुषार होऊन हवेत गेले. काही रुग्ण कारखान्यापासून सहा किलोमीटरपेक्षा दूर राहणारे होते. आमच्या गच्चीवरून सहा किलोमीटर म्हणजे नुवें आणि कुठ्ठाळी ही दोन्ही गावं त्यात येतात.

म्हणून आधी निर्जंतुकीकरण, मग धुणं. पंखे बंद करा. पंप चालू ठेवून मोकळं क्लोरिन किमान ५ पीपीएम, सलग ५ तास, पीएच ८ च्या खाली. पीएच ८ च्या वर असेल आणि खाली आणता येत नसेल तर १५ ते २० पीपीएम धरावं लागतं. दर तासाला तपासून भर घाला, कारण थर क्लोरिन खात जातो. आमच्या ४० घनमीटरला कागदावर ५ पीपीएमसाठी १० टक्क्यांचं हायपो २ किलो पुरतं. प्रत्यक्षात पहिल्या वर्षी त्याच्या पाचपट लागलं, आता दीडपट.

मग हे पाणी कुठे सोडायचं? पहिल्या वर्षी मी ते सरळ ईटीपीकडे वळवलं. सोयीचं वाटलं. दुसऱ्या दिवशी ईटीपीवाल्याने मला बोलावून एरेशन टँक दाखवला: फेस पांढरा, गाळ मेलेला, वास विचित्र. ज्या जिवाणूंना आपण पगार देऊन पाळतो त्यांनाच मी मारलं होतं. टँक सावरायला दहा दिवस गेले आणि त्याने पुढे महिनाभर मला चहाला बोलावलं नाही. आता आम्ही सोडियम बायसल्फाइट घालून क्लोरिन शून्यावर आणतो, किटने दोनदा बघतो, आणि पाणी साठवून हळूहळू सोडतो. नाल्यात तर नाहीच.

गाळ उपसताना आणि फिल काढताना कमी दाबाचा पाइप, ब्रश, फावडं. सगळं ओलं ठेवून, तुषार न उडवता. आत जाणाऱ्याला साधा कापडी किंवा सर्जिकल मास्क चालत नाही, एफएफपी-३ दर्जाचा, चेहऱ्याला घट्ट बसणारा हवा. दाढीवर तो बसत नाही, यावरून आमच्याकडे दर वर्षी एक भांडण होतं. शेजारच्या एएचयूची (इमारतीत हवा खेळवणाऱ्या यंत्राची) ताजी हवा घेणारी तोंडं तेवढा वेळ बंद. मधाच्या पोळ्यासारख्या फिलची बाहेरची बाजू धुतली की स्वच्छ दिसते, गाळ मधे असतो. एक ब्लॉक काढून निथळू द्या आणि वजन करा, नव्याशी ताडून बघा. आमचा एक ब्लॉक दोघांना उचलावा लागला, नवा एका हातात येतो. असा ब्लॉक धुण्यापेक्षा बदललेला बरा. तुषार अडवणाऱ्या ड्रिफ्ट एलिमिनेटरच्या फटी तेव्हाच बघून घ्या. चांगला एलिमिनेटर ०.००५ टक्के पाणी बाहेर सोडतो, म्हणजे आमच्याकडे ताशी १५ लिटर. एक पट्टी सरकून फट पडली की तो हिशेब गेला.

चवथीचं वेगळं. चार-पाच दिवस कारखाना बंद, बाहेर पाऊस, आत ३० अंशांचं थांबलेलं पाणी. परत आल्यावर लोक पहिली गोष्ट करतात ती म्हणजे पंखा आणि पंप एकदम सुरू. तसं करू नका. जाण्याआधी बायोसाइड देऊन जा, आणि शक्य असेल तर सिक्युरिटीच्या नजरेखाली रोज तासभर पंप फिरवा. परत आल्यावर आधी पंखा बंद ठेवून पंप, क्लोरिन, काही तास फिरवणं, तपासणं, मगच पंखा. लोक गणपतीवर बांधायच्या माटोळीचं सामान आणायला जसे याद्या करतात तशी ही यादी आम्ही पॅनलच्या दारावर चिकटवली आहे.

लिजिओनेलाची तपासणी आम्ही दर तीन महिन्यांनी बाहेरच्या प्रयोगशाळेत करतो. बाटलीत थायोसल्फेट हवं, नाहीतर वाटेत क्लोरिन जंतू मारत राहतं आणि रिपोर्ट उगाच गोड येतो. नमुना बायोसाइडच्या दिवशी घेऊ नका, आधी घ्या. अहवालाला दहाएक दिवस लागतात, म्हणून त्याच्या भरवशावर रोजचा कारभार चालवता येत नाही, त्यासाठी पीएच, क्लोरिन आणि आठवड्याची पट्टीच. लिटरमागे १०० च्या खाली आला तर ठीक, १०० ते १,००० मध्ये पुन्हा नमुना आणि डोसिंगची झाडाझडती, १,००० च्या वर गेला तर त्याच दिवशी पंखा बंद, निर्जंतुकीकरण, आणि वरिष्ठांना लेखी. आणि टॉवरवर काम केलेल्या कुणाला दहा-पंधरा दिवसांत ताप-खोकला आला तर त्याने डॉक्टरांना "मी कूलिंग टॉवरवर काम करतो" हे स्वतःहून सांगायचं. पेनिसिलिन गटातली नेहमीची औषधं या न्यूमोनियाला चालत नाहीत, आणि डॉक्टरला विचारायचं सुचेलच असं नाही.

आमची पट्टी आता दहा हजाराच्या आत असते. मधे एकदा जूनमध्ये चढली, तेव्हा हायपोला हात लावायच्या आधी मी त्या सत्तरीच्या पोराला पाइपांना हात लावत फिरायला सांगितलं. अर्ध्या तासात त्याने स्ट्रेनरची बायपास लाइन दाखवली.

कुंडईच्या मित्राला मी फोनवर पहिला प्रश्न हाच विचारला, की तुझ्या स्टँडबाय सेलमध्ये काय आहे. तो म्हणाला, काय असणार, पाणी. म्हटलं, वर चढून बघ. वीस मिनिटांनी फोटो आला. बेसिन हिरवंगार, आणि मधोमध कुणाचं तरी पिवळं हेल्मेट तरंगत होतं.